तलावाच्या पाण्यातले बारीक जीव: आधी चाल, मग बांधा, नाव शेवटी

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आठवीतल्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावच्या पाझर तलावातलं पाणी, थोड्या पाणवनस्पतीसकट, काचेच्या बरणीत भरून आणलं. दोन दिवसांनी त्यात पांढरे ठिपके उड्या मारताना दिसले, तळाच्या गाळात एक लालभडक किडा वळवळताना दिसला, आणि काचेला एक तपकिरी दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता, जो काडीने डिवचला की आखडून बारीक होतो. हे काय आहे, घरात ठेवणं धोक्याचं आहे का, आणि मुलीला मायक्रोस्कोप घ्यायचा तर कोणता?

ताई, बरणी मोरीत ओतून टाकली नाहीत हे फार बरं केलंत. तुमच्या वर्णनावरून तिघांचीही नावं बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतात. गंमत अशी, की त्यांचे पाय, डोळे, शिंगं यातलं तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. "उड्या मारतात", "वळवळतो", "आखडतो" एवढंच लिहिलंत, म्हणजे त्यांची चाल सांगितलीत. कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात माझी उभी नोकरी गेली. मुलं पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावून पुस्तकातल्या आकृतीशी ताळा जमवायला बघत आणि हमखास अडकत. आकृतीतला प्राणी नीट कुशीवर झोपवलेला असतो. थेंबातला प्राणी उलटा, तिरपा, अर्धा शेवाळात दडलेला आणि पळत असतो. चाल मात्र कोणत्याही बाजूने बघा, बदलत नाही. म्हणून मी आधी चाल बघायला लावायचो, मग बांधा, आणि नाव सगळ्यात शेवटी.

चाल बघायला मायक्रोस्कोप लागत नाही; उलट तो आड येतो, कारण उडी मारणारा जीव भिंगाखालून क्षणात निसटतो. एका उथळ काचेच्या वाटीत बरणीतलं पाणी बोटभर घ्या. वाटीखाली शाळेची जुनी पाटी नाहीतर काळा कागद ठेवा. पारदर्शक जीव काळ्यावर उजळून दिसतात. गडद रंगाचे किडे बघायचे असतील तेव्हा पाटी काढून पांढरी बशी ठेवा. मोबाइलची टॉर्च वरून मारू नका, बाजूने आडवी धरा, आणि पंखा बंद करा, नाहीतर पाणी थरथरत राहतं. टॉर्च एका कडेला स्थिर ठेवली की पाचेक मिनिटांत बरेच जीव उजेडाकडे गोळा होतात, म्हणजे शोधत बसायला नको.

भिंगासाठी जळगावच्या सराफ बाजारात जा. हिऱ्याची पारख करायला सराफ जे दहापटीचं घडीचं भिंग वापरतात, तेच आपल्याला हवं. घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंगही चालतं. फक्त वापरायची रीत लक्षात ठेवा: भिंग डोळ्याजवळ टेकवायचं आणि वाटी जवळ आणायची, साधारण अडीच सेंटिमीटरवर. वर्तमानपत्रावर भिंग धरून आपण लांबून वाचतो, तसं इथे केलंत तर काहीच दिसणार नाही. याशिवाय औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर हवा. आणि मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर फोटोऐवजी त्यावर व्हिडिओ घ्या. डोळ्याला नुसता झटका दिसतो; व्हिडिओत कोणता अवयव हलला ते दिसतं.

आता तुमचे पांढरे ठिपके. ते सगळे एकाच प्रकारचे नसणार. एका वेळी एकाच ठिपक्यावर नजर ठेवा. काही ठिपके एका झटक्यात सुळकन पुढे सरकतील, क्षणभर थबकतील आणि पुन्हा भलत्याच दिशेला झटका घेतील. हे सायक्लॉप्स. दुसरे ठिपके उभ्या रेषेत टुणटुण करतील: एक उडी वर, मग अलगद खाली बुडणं, पुन्हा उडी. ही डॅफ्निया आणि तिच्या गोतातली मंडळी, म्हणजे पाणपिसवा. तिसरा प्रकार कदाचित तळालगत सापडेल: न उडता, न थबकता एकाच वेगाने तुरुतुरु फिरणारा लंबगोल दाणा. ड्रॉपरने पाणी ढवळलं की तो पाय आत घेऊन दोन शिंपा मिटतो आणि बी पडावं तसा तळाला पडून राहतो. तो ऑस्ट्राकॉड. हे तिन्ही कवचधारी, म्हणजे झिंग्यांचे आणि खेकड्यांचे दूरचे नातेवाईक. चाल वेगळी असण्याचं कारण बांध्यात आहे. सायक्लॉप्स पाय एकामागोमाग एक मागे मारतो म्हणून त्याला झटका बसतो. डॅफ्निया डोक्यावरच्या फांदीदार शृंगिकांनी, म्हणजे शिंगांसारख्या मिशांनी, पाणी खाली रेटते म्हणून ती वर उडते, आणि शृंगिका थांबल्या की बुडते.

सायक्लॉप्स भिंगाखाली ओळखायला सगळ्यात सोपा. पुढे रुंद, मागे निमुळता, डोक्याच्या मधोमध एकच लालसर डोळा. ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून नाव पडलं ते त्यामुळेच. मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. पिशवी एकच असेल, ती पोटाखाली मधोमध असेल आणि शृंगिका जवळजवळ अंगाएवढ्या लांब असतील, तर तो सायक्लॉप्स नव्हे, डायप्टोमसच्या कुळातला आहे. तो झटक्यांच्या मधल्या वेळात शृंगिका पसरून संथ तरंगतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही थोड्या सरावाने वेगळा काढता येतो. याच पाण्यात धुळीच्या कणाएवढे, झटके देत फिरणारे अगदी बारीक जीव दिसले तर ती बहुतेक यांचीच पिल्लं. लंबगोल अंग, पायांच्या तीन जोड्या आणि तोच एक लाल डोळा. आईबापांशी काडीचं साम्य नाही, म्हणून पुष्कळजण त्याला वेगळा प्राणी समजतात. असे सहा टप्पे आणि पुढे मोठ्यासारखे दिसणारे आणखी पाच टप्पे ओलांडून तो पूर्ण वाढतो, दर टप्प्याला कात टाकून.

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना सायक्लॉप्स दाखवा आणि नारूबद्दल विचारा. पायाला फोड येऊन त्यातून हातभर लांब, दोऱ्याएवढा जंत बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस थोडा थोडा ओढून काढावा लागायचा. महाराष्ट्र हे नारू असलेल्या राज्यांपैकी एक होतं. त्या जंताची अळी सायक्लॉप्सच्या पोटात वाढायची. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस उतरला की जंत पाण्यात अळ्या सोडायचा, सायक्लॉप्स त्या खायचा आणि तेच पाणी कुणी न गाळता प्यायलं की वर्षभराने त्याला नारू. सायक्लॉप्स साधारण एक मिलिमीटरचा असल्याने दाट विणीच्या फडक्यात सहज अडकतो. त्यामुळे पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हापसे बसवणं आणि विहिरीत औषध टाकणं, एवढ्यावर हा रोग देशातून गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. आज तुमच्या बरणीतल्या सायक्लॉप्सकडून ती भीती नाही. तरी ते पाणी पिण्याचं नव्हे, हे सांगायला नकोच.

डॅफ्नियाकडे मात्र निवांत वेळ काढून बघा, कारण एवढा पारदर्शक प्राणी दुसरा सहजी मिळत नाही. खान्देशातल्या उबदार पाण्यात तुम्हाला खरी डॅफ्निया भेटेल ती मुख्यतः थंडीत. इतर वेळी तिची धाकटी बहीण मॉयना जास्त. डॅफ्नियाच्या डोक्याला खाली वळलेली चोच असते आणि कवचाच्या टोकाला काटा. मॉयनाचं डोकं वाटोळं, चोच नाही, काटाही नाही. दोघींपैकी कुणीही असो, ड्रॉपरने एकच उचला आणि मोजक्या पाण्यात, मधे खड्डा असलेल्या काचपट्टीवर ठेवा. चाळीसपट मोठं करून पाहिलंत की पहिल्यांदा दिसतो तो एकच मोठा काळा डोळा, आणि तो सतत थरथरत असतो. डोक्याच्या थोडं मागे, पाठीच्या बाजूला, एक पिशवी इतक्या भराभर उघडमीट करत असते की मोजायला गेलं तर जीभ अडखळते. ते हृदय. तिथे स्लो मोशनचा व्हिडिओ घेऊन ठोके मोजायला मुलीला बसवा. हिवाळ्याच्या सकाळी आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या खोलीत, अशा दोन वेळी मोजले की फरक तिचा तिलाच कळेल. अंगाच्या मधून वाकलेली हिरवट पट्टी जाते, ते आतडं. पाण्यात हिरवं शेवाळ असेल तर हिरवी, गाळ असेल तर तपकिरी.

हृदयाच्या मागे, पाठ आणि कवच यांच्यामधल्या पोकळीत अंडी नाहीतर पिल्लं असतात. पिल्लांच्या डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की जन्म जवळ आला म्हणून समजा. चांगल्या दिवसांत या सगळ्या माद्याच असतात. नराशिवायच अंडी धरतात आणि मुलीच जन्माला घालतात. पाणी आटू लागलं, गर्दी झाली, अन्न कमी पडलं की मग नर दिसू लागतात, आणि मादीच्या पाठीवर खोगिराच्या आकाराचा गडद डाग येतो. त्या डागात टणक कवचाची अंडी असतात. तलाव कोरडा पडला तरी ती मातीत टिकून राहतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल. आणि पाणपिसवा लालसर दिसल्या तर घाबरू नका. पाण्यात प्राणवायू कमी असला की त्या अंगात हिमोग्लोबिन जास्त बनवतात. तो रंग त्याचा.

तुमचा लाल किडाही हिमोग्लोबिनमुळेच लाल आहे. ती कायरोनोमस नावाच्या माशीची अळी असणार. ती गाळात स्वतःभोवती नळी विणून राहते आणि बाहेर काढली की इंग्रजी आठच्या आकड्यात अंग फेकत पोहते. हिची गफलत होते ट्युबिफेक्स या लाल गांडुळवर्गी किड्याशी. फरक पाहायला भिंग पुरे. अळीला टणक, वेगळं दिसणारं डोकं असतं, डोक्यामागे आखूड पायांची एक जोडी आणि शेपटीला दुसरी. ट्युबिफेक्सला डोकं कुठे आणि शेपूट कुठे ते सांगता येत नाही, पाय नसतात, आणि तो तोंड गाळात खुपसून शेपटीकडचं टोक पाण्यात झुलवत राहतो. कायरोनोमसची माशी डासासारखी दिसते, पण चावत नाही.

डासाच्या अळ्या मात्र तुमच्या बरणीत येऊ शकतात, आणि घरात ठेवण्याचा खरा धोका तोच. अंगाला झोके देत वरखाली करणारी, पृष्ठभागाला येऊन श्वास घेणारी अळी दिसली की बघा ती कशी टेकते. पाण्याला समांतर आडवी राहिली तर ॲनाफिलिस, मलेरियाचा डास. डोकं खाली करून तिरपी लोंबली आणि शेपटीला श्वासनळी असली तर क्युलेक्स किंवा एडिस. नळी आखूड आणि जाड असेल तर एडिस, म्हणजे डेंग्यूचा. उकाड्यात अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून बरणीचं तोंड मलमलच्या फडक्याने बांधा, वर रबर लावा. झाकण घट्ट लावू नका, आतले जीव गुदमरतील. बाकी काळजी साधी आहे: बरणी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पायाला जखम असेल तर तलावात उतरायचं नाही, आणि साचलेल्या कोमट पाण्यात नाका-तोंडात पाणी जाईल असं डुंबायचं नाही. मेंदूचा जीवघेणा आजार करणारा नेग्लेरिया हा अमिबा नाकावाटेच आत शिरतो.

काचेला चिकटलेला तो तपकिरी दोरा म्हणजे हायड्रा, आणि तो सापडला म्हणून तुमच्या लेकीचं खास कौतुक. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी हायड्रा मिळवण्यासाठी आमची किती धावपळ व्हायची! तो थंडीत आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात मिळतो, बहुतेक हायड्रिलासारख्या वनस्पतीच्या पानामागे. बरणी तासभर न हलवता ठेवा. आखडलेला गोळा सावकाश लांबेल, एक सेंटिमीटरपर्यंतही जाईल, आणि टोकाला सहा-सात बारीक शुंडकं, म्हणजे सोंडेसारखे हात, पसरतील. मग ड्रॉपरने एक सायक्लॉप्स जवळ सोडा. शुंडकाला धक्का लागताच झटके देणारा सायक्लॉप्स लुळा पडतो, कारण शुंडकांवर विषारी दंशपेशी असतात. आपल्या बोटाला त्यांचं काही होत नाही. नंतर शुंडकं त्याला तोंडाकडे ओढतात आणि हायड्राचं अंग जिथे फुगतं तिथे गिळलेल्या सायक्लॉप्सचा लाल डोळा बाहेरून दिसतो. पोट भरलेल्या हायड्राच्या अंगाला काही दिवसांत कळी फुटते, तिला स्वतःची शुंडकं येतात आणि ती सुटून वेगळी होते. १७४० च्या दशकात अब्राहम ट्रेम्बले याने हायड्राचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यापासून पुरा हायड्रा तयार झालेला पाहिला, तेव्हा युरोपात मोठी खळबळ उडाली होती. मुलीला हा प्रयोग करावासा वाटला तर करू द्या, धारदार ब्लेड मात्र तुम्ही धरा.

इथवर मायक्रोस्कोप जेमतेम लागला. याच्या खालच्या आकाराचं जग बघायचं तर तो हवाच, आणि तिथे मालही घरीच पिकवता येतो. ज्वारीच्या कडब्याचे चार तुकडे पाण्यात उकळा, गार करा, त्यात तुमच्या बरणीतलं चमचाभर पाणी टाका आणि सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, वर साय धरते, ते जिवाणू. मग त्यांना खाणारे बारीक जीव येतात, आणि आठवड्याभरात बहुधा पॅरामिशियम. तो स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे जातो, अडथळा लागला की मागे सरतो, थोडा कोन बदलतो आणि पुन्हा पुढे. अशी चाल असलेला चपलेच्या आकाराचा जीव दुसरा शोधून सापडणार नाही. पण तो इतका पळतो की दृष्टिक्षेत्रात ठरत नाही. त्यावर उपाय म्हणजे कापसाचे चार-दोन तंतू पिंजून थेंबात टाकायचे. खान्देशात कापूस मागायला कुठे जावं लागत नाही. तंतूंच्या जाळ्यात त्याचा फिरण्याचा परीघ आवळतो. आणि पाणपिसू किंवा सायक्लॉप्स बघताना वरची पातळ काच चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचे टिपके लावून ठेवा, नाहीतर ती त्यांना चिरडते.

याच पाण्यात, किंवा शेवाळाच्या तुकड्याला चिकटलेले, रोटिफर दिसतील. तोंडाशी केसांची दोन वर्तुळं, ती फिरणाऱ्या चाकांचा भास करतात. पण चाकं मिटलेली असली तर? मग छातीच्या जागी बघा. आत एक जबडा जात्यासारखा अखंड दळत असतो. तो हलता जबडा दिसला की रोटिफर नक्की, बाकी अंगाचा आकार काही का असेना. काठीवर घंटा लावल्यासारखा एखादा जीव दिसला आणि टेबलाला धक्का बसताच त्याचा देठ स्प्रिंगसारखा आखडला, तर ती व्हॉर्टिसेला. पुष्कळदा ती आणि तिचे भाऊबंद सायक्लॉप्सच्या पाठीवरच वस्ती करतात, आणि लोकांना वाटतं सायक्लॉप्सला बुरशी आली. हिरवा, टाचणीच्या टोकाएवढा गोळा संथपणे गडगडत असेल तर व्हॉल्व्हॉक्स, तो तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पाण्यातून आठ पायांनी धावणारा लाल गोळा म्हणजे पाणकोळी नव्हे, पाण्यातला गोचिडवर्गीय माइट.

मायक्रोस्कोप घेताना "१२०० पट" लिहिलेली खेळण्याची डबी घेऊ नका. मोठं करणं सोपं असतं, स्पष्ट दाखवणं कठीण. शाळा-कॉलेजांना पुरवतात तो साधा विद्यार्थी मायक्रोस्कोप पुरे. आपल्याकडे येणारे पुष्कळसे हरियाणातल्या अंबाल्याचे असतात. दहापटीची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) आणि ४, १०, ४० अशा तीन वस्तुभिंगांनी (काचपट्टीकडच्या भिंगांनी) ४०, १०० आणि ४०० पट मिळतात. आमची सत्तर टक्के मजा ४० आणि १०० वरच होते. तेलात बुडवून वापरायचं शंभराचं भिंग तळ्यातल्या जिवांना लागत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. भिंगांच्या आकड्यांपेक्षा खालची प्रकाशाची झडप बघा. ती कमी-जास्त करता आली पाहिजे, कारण पारदर्शक जीव भर उजेडात विरघळल्यासारखे होतात आणि झडप अर्धी मिटली की कडा उठून दिसतात. खर्च झेपत असेल तर वीस-चाळीस पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप मी आधी घेईन, वाटीतले जीव त्यात जिवंत, हिंडते दिसतात. आणि बजेट अगदीच तुटपुंजं असेल तर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला कागदी फोल्डस्कोप आहे. २०१४ मध्ये तो जगापुढे आला. सुमारे १४० पट मोठं दाखवतो, मोबाइलला जोडता येतो, फक्त हात बसायला वेळ लागतो.

मायक्रोस्कोप आला की पहिल्याच दिवशी कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी ४० पटीखाली ठेवून दृष्टिक्षेत्रात किती मिलिमीटर मावतात ते मोजून वहीत लिहून ठेवा. साधारण साडेचार येतील. म्हणजे १०० पटीला १.८ आणि ४०० पटीला ०.४५ मिलिमीटर. त्यावरून कुठल्याही जिवाची लांबी अंदाजता येते. ओळखीसाठी आलेल्या निम्म्या फोटोंत आकार दिलेला नसतो आणि मग पाव मिलिमीटरचा जीव आहे की दोन मिलिमीटरचा, हेच कळत नाही.

नावाबद्दल माझा थोडा कडक आग्रह आहे. पुरावा संपतो तिथे नाव थांबवायचं. आपण सरसकट सायक्लॉप्स म्हणतो, पण आपल्याकडच्या पाण्यात त्यातले पुष्कळसे मेसोसायक्लॉप्स आणि थर्मोसायक्लॉप्स असतात, आणि ते नक्की करायला बारीकसा पाचवा पाय सुटा करून ४०० पटीत बघावा लागतो. घरी तो उद्योग नको. "सायक्लॉप्स गटातला" एवढं लिहिणं पूर्ण बरोबर आहे. रोटिफरमध्ये मात्र कवचाच्या काट्यांवरून ब्रॅकिओनस, आणि फरशी बसवल्यासारख्या नक्षीवरून केराटेला, इथपर्यंत घरबसल्या पोचता येतं. मोबाइलमधली ॲप्स झटकन प्रजातीपर्यंतचं नाव देतात आणि ते बऱ्याचदा युरोप-अमेरिकेतल्या प्रजातीचं असतं. त्या दोन शब्दी नावातला पहिला शब्द घ्या, दुसरा सोडा. एखादा जीव खरोखरच वेगळा वाटला तर भारतीय प्राणी सर्वेक्षण या १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

पुढचं पाणी कुठून आणायचं? जळगावात मेहरूण, धुळ्यात नकाणे, एरंडोलजवळ पद्मालयाचं कमळांचं तळं, पांझरा नदीवरच्या जुन्या फड सिंचनाच्या बंधाऱ्यांमागे साचलेलं पाणी, सगळीकडे वेगवेगळी मंडळी भेटतात. मधल्या उघड्या पाण्यापेक्षा काठची झाडोऱ्याची जागा धरा आणि वनस्पती बशीत पिळा. संध्याकाळी जा, दिवसा पाणपिसवा खोल जातात. काठावर बाटली घेऊन बसलात की पोरं "हाई काय शे?" म्हणत जमतातच; त्यांच्या हातात भिंग द्या, तुमच्याआधी तेच शोधून देतील. ज्या हौदात मलेरियावाल्यांनी गप्पी मासे सोडलेत तिथे पाणपिसू शोधण्यात वेळ घालवू नका. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली तर ते पाणी घेऊ नका, ती विषारी निळ-हिरव्या शेवाळाची असू शकते. आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर मुलीला पाऊल ठेवू देऊ नका. ओलं प्लास्टिक निसरडं असतं, पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

शेततळ्याचं पाणी हवंच असेल तर त्याहून चांगली सोय आहे. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीला ठिबक असतंच. ठिबकच्या जाळीच्या फिल्टरची छिद्रं साधारण १३० मायक्रॉनची असतात, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी. त्यात सायक्लॉप्स, पाणपिसवा, शेवाळाचे धागे सगळं अडकतं. शेतकरी फिल्टर धुतो तेव्हा निघणारं पहिलं गढूळ पाणी बाटलीत धरा. कित्येक हजार लिटर पाण्यातला ऐवज त्या एका बाटलीत येतो. बारीक रोटिफर निसटतात, पण बाकी पुष्कळ मिळतं. खत किंवा आम्ल सोडायच्या आधी मात्र घ्या.

घरी आणल्यावर नळाचं पाणी सरळ भर घालू नका, क्लोरीन मारतं. रात्रभर उघडं ठेवलेलं किंवा विहिरीचं वापरा. खायला बेकरीच्या यीस्टची चिमूट पाण्यात कालवून त्यातले चार थेंब. पाणी दुधट झालं तर जास्त झालं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बरणी ओल्या वाळूच्या तसराळ्यात ठेवून वर ओलं फडकं गुंडाळा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलर जसा चालतो तसाच हा उपायही चालतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात एका बरणीत गर्दी नको.

आणि उन्हाळ्यात बरणी रिकामी झाली तरी काम थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये तो पाझर तलाव आटला, की कडेची भेगाळलेली, पूर्ण वाळलेली माती पिशवीभर आणा. मऊ गाळात उतरायचं नाही, वाळलेल्या काठावरूनच घ्यायची. वाटीत दोन चमचे माती आणि वर चार बोटं पाणी घाला, पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. मघाशी सांगितलेली खोगिरातली अंडी त्या मातीत असतात. वाळून पुन्हा जिवंत होण्याची ही तऱ्हा रोटिफरांतही आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेवेनहुक या कापडव्यापाऱ्याने पन्हाळीतला वाळलेला गाळ भिजवून त्यातले जीव हलताना पाहिले आणि १७०२ च्या पत्रात लिहून ठेवलं. तुमच्याकडे जुनं धाब्याचं घर असेल तर त्याच्या पन्हाळीतली माती आणि शेवाळ भिजवून बघा. तिथे रोटिफर काही तासांतच जळवेसारखे अंग ताणत चालू लागतात. तलावाच्या मातीला दोन-तीन दिवस लागतील. माती एखाद्या माळावरच्या, मासे नसलेल्या पावसाळी डबक्याची मिळाली तर आणखी चांगलं, कारण दख्खनच्या पठारावर अशाच डबक्यांत परीझिंगा, म्हणजे स्ट्रेप्टोसिफॅलस, असतो. तो निघाला तर ओळखायला भिंगही लागणार नाही: पोट वर, पाठ खाली करून, पायांच्या अकरा जोड्या लाटेगत हलवत पोहतो. उलटं पोहणारा दुसरा एक ढेकूण पाण्यात असतो, त्याला मात्र पायांच्या तीनच जोड्या असतात, वल्ह्यासारखे लांब दोन पाय वेगळे दिसतात, आणि तो कडकडून चावतो. त्याला ड्रॉपरनेच उचला.